दोन सुयांचा टाका

आता मत द्यायला माणूस आडोशाला जातो, कागदावर फुली मारतो, कागद पेटीत टाकतो आणि घरी येऊन चहा पितो. कुणाला दिलं ते बायकोलासुद्धा कळत नाही. आमच्या वेळी असली चैन नव्हती. मार्लिंगफर्डच्या बाजारचौकात लाकडी मंच बांधायचे. त्यावर चढायचं, आपलं नाव, धंदा, घर सांगायचं आणि साऱ्या गावादेखत उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. कारकून ते वहीत उतरवून घ्यायचा. खालचे लोक एक तर टोप्या उडवायचे, नाहीतर कुजका कोबी फेकून मारायचे. आणि त्या गर्दीत तुमचा घरमालक नाहीतर त्याचा माणूस उभा असायचा, कान टवकारून.

माझा थोरला भाऊ रूबेन टॅपसेल त्या मंचावर आयुष्यात दोनदा चढला. ज्युलियन वेनब्रुकसाहेबांचं जाडजूड चरित्र परवाच छापून आलंय. साहेबांनी कुठली कादंबरी कधी लिहिली, मंत्री कधी झाले, राणीनं काय म्हटलं, सगळं आहे. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितलं. रूबेनचं नाव नाही. मला राग आला आणि अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर. मागच्या भागात रूबेन खोगीर आणि लगाम शिवायचा, पुढच्या भागात माझं वाचनालय. माझं नाव हेस्टर, रूबेनसाठी हेटी. मी लग्न केलं नाही, त्यानंही केलं नाही, आणि त्याबद्दल ज्यांना चौकशा करायच्या त्यांनी आपापल्या घरी कराव्यात. मी कादंबऱ्या भाड्यानं द्यायची. कादंबरी तेव्हा तीन खंडांत यायची. पहिला खंड परत आणला की दुसरा, दुसरा आणला की तिसरा. रूबेनला मात्र अक्षर ओळखता येत नव्हतं. बापानं त्याला सातव्या वर्षी कामाच्या बाकावर बसवला तो बसवलाच. म्हणून गिऱ्हाईक नसलं की मी त्याला वाचून दाखवायची. गुडघ्यांत लाकडी चिमटा, चिमट्यात चामडं, दोन हातांत दोन सुया, आणि कान माझ्याकडे. हातातल्या खोगिराला तो ‘बाईसाहेब’ म्हणायचा. एखादा प्रसंग आवडला की खोगिरावर थाप मारून विचारायचा, “काय बाईसाहेब, पटलं का?”

वेनब्रुकसाहेब निवडणुकीला उभे राहून पहिल्यांदा गावात आले तेव्हा पंचविशीचे होते. जांभळा मखमली कोट, बोटांत अंगठ्या, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरावी. एक कादंबरी गाजलेली, खिशात मात्र काही नसावं. आमच्या दारात त्यांच्या बग्गीचा पट्टा तुटला. रूबेननं तो शिवून देईपर्यंत हा गृहस्थ तासभर आमच्या बाकावर बसला, त्याच्या शेजारी, चामड्याच्या कातरणांत.

“मत कुणाला देणार, मिस्टर टॅपसेल?” त्यांनी विचारलं.

“ते देऊन टाकलंय साहेब. दुसऱ्यांनी आधी विचारलं, मी हो म्हटलं.”

“आणि मी त्यांच्यापेक्षा बरा निघालो तर?”

“तर मला वाईट वाटेल,” रूबेन म्हणाला. “पण शब्द गेला तो गेला.”

साहेब खळखळून हसले. मग बराच वेळ प्रश्न विचारत राहिले. कोणतं चामडं चांगलं, आमच्या घरमालक लॉर्डसाहेबांच्या भाड्याचं कसं, पार्लमेंटमध्ये काय व्हायला हवं. रूबेनला पार्लमेंटबद्दल कुणी कधी काही विचारलं नव्हतं. तो लाल होऊन बोलत सुटला. बाईसाहेबांचंही मत घेतलं. साहेब बारीक डोळे करून ऐकत होते. मला तेव्हाच ते ऐकणं आवडलं नव्हतं. कापडाचा पोत बघताना दुकानदार बघतो तसं ते बघत होते.

ती निवडणूक ते हरले. रूबेननं दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांच्याविरुद्ध मत दिलं, मंचावर चढून, त्यांच्या डोळ्यांत बघून. साहेबांनी वरून टोपी काढून त्याला सलाम केला. “पुढच्या वेळी पहिला येईन,” म्हणाले.

आणि आले. सात वर्षांनी पार्लमेंट विसर्जित झाल्याची बातमी डाकगाडीनं आणली, त्याच गाडीतून ते उतरले आणि तडक आमच्या दुकानात. आता कोट काळा होता, अंगठ्या गेल्या होत्या. रूबेननं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी हातात हात देऊन म्हणाला, “माझं मत तुमचं.” त्या हात मिळवण्यानं आमचं घर जाऊ शकत होतं, हे त्याला ठाऊक होतं. दुकान लॉर्डसाहेबांच्या मालकीचं आणि लॉर्डसाहेब विरुद्ध पक्षाचे.

आठवडाभरात लंडनहून पुस्तकांची पेटी आली. त्यात साहेबांची नवी कादंबरी होती. लेखकाचं नाव छापलेलं नव्हतं, पण कुणाची ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“साहेबांची ना? वाच, वाच,” रूबेन म्हणाला. दोरा मेणवून तयार बसला.

पहिला खंड झाला. दुसरा मी आधी स्वतः चाळला, आणि बरं झालं चाळला. मध्यावर एक प्रकरण होतं. एका गावात एक खोगीरवाला आहे, नाव जॉब बकल. तो खोगिराला बाईसाहेब म्हणतो. मत कुणाला द्यायचं ते बाईसाहेबांना विचारतो. ‘शब्द गेला तो गेला’ असं छातीवर हात ठेवून दोन्ही पक्षांना सांगतो आणि दोघांकडूनही डुकराच्या मांडीचा हॅम घेतो. मतदानाच्या दिवशी ओटच्या कोठारात लपून बसतो आणि तिथून लोक त्याला पाय धरून ओढून काढतात. अठरा पानं. वाईट याचं की लिहिलं फार छान होतं. मलासुद्धा दोनदा हसू आलं, आणि त्याची लाज मला आज पंचवीस वर्षांनीही वाटते.

रूबेनला वाचून दाखवताना मी ती अठरा पानं गाळली. एका पानावरून उडी मारून नायिकेच्या पत्रावर आले. त्याला काही कळलं नाही.

“मधेच हिचं पत्र कुठून आलं?” एवढंच त्यानं विचारलं.

“नाजूक बायका लिहितात पत्रं. तू शीव.”

आता गावाचं काय करायचं? मी दुसरा खंड फळीवरून काढून गादीखाली ठेवला. मागायला आलेल्यांना सांगितलं, बांधणी सुटली, दुरुस्तीला पाठवलाय. डॉक्टरांच्या बायकोनं पहिला खंड वाचून थेट तिसरा नेला. “हेस्टर, या पुस्तकात लोक मधेच एकमेकांचे वैरी कसे होतात?” मला विचारत आली. मी म्हटलं, हल्ली असंच लिहितात.

पण मिस्टर क्रॅडॉक माझ्याकडून पुस्तकं नेत नसे. क्रॅडॉक म्हणजे लॉर्डसाहेबांचा कारभारी. भाडी वसूल करायची, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, सगळं त्याच्या हातात. मतदानाला पाच दिवस राहिले होते तेव्हा तो दुकानात आला. टोपी काढली नाही.

“टॅपसेल, सप्टेंबरअखेर तुझा करार संपतो,” म्हणाला. “लॉर्डसाहेबांना वाटतं, भाडेकरूनं मालकाचा मान ठेवावा.”

“मान ठेवतोच की. त्यांच्या घोड्यांची खोगिरं पहिली करून देतो.”

“मतदानाच्या दिवशीही ठेव.”

“मत मी देऊन बसलोय साहेब. आता ते मत माझं नाही. दुसऱ्याची वस्तू तुम्हाला कशी देऊ?”

“मग दुकान दुसऱ्या कुणाला तरी देऊ आम्ही,” क्रॅडॉक म्हणाला. रूबेननं सुई ओढून टाका आवळला. 

पुढच्या दारातून जाताना क्रॅडॉक माझ्यापाशी थांबला. कोटाच्या आतून त्यानं दुसरा खंड काढला, स्वतःचा, लंडनहून मागवलेला. मधे एक लाल फीत घातली होती.

“हे तू त्याला वाचून दाखवलेलं नाहीस,” हळूच म्हणाला. “वाचलं असतंस तर तो अजून त्या माणसाचं नाव घेत बसला नसता. बाई, तुझं घर तुझ्या जिभेवर आहे. आजच वाचून दाखव. त्याचा अपमान होईल, तो चिडेल, आपणहून शब्द मोडेल, आणि तुम्ही दोघं इथेच म्हातारे व्हाल. मला तरी तुम्हाला बाहेर काढायची हौस नाही.”

ही गोष्ट खरी होती, म्हणूनच माझा जीव टांगणीला लागला. माझं वय छत्तीस होतं, त्याचं एक्केचाळीस. ते दुकान सोडलं तर आम्हाला कुठे थारा नव्हता. शिवाय मतसुद्धा घराला चिकटलेलं असायचं. ठरावीक भाड्याच्या घरात राहतो म्हणून माणूस मतदार. घर गेलं की मतही गेलं. एका मतासाठी आयुष्यभराचं मत घालवायला निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी गादीखालचा खंड काढला आणि त्याच्यासमोर बसले. तो बटाटे सोलत होता. आज काम नाही, हात मोकळे, चांगला दिवस होता. मी पान उघडलं. 

“कुठलं वाचतेस?” त्यानं विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू का? आनंद होता. साहेबांचं पुस्तक आपल्या घरात वाचलं जातंय, साहेब आपल्या बाकावर बसून गेलेत, आपलं मत त्यांच्या खिशात आहे. या माणसाला सगळ्या जन्मात मिळालेली ही एकच मोठेपणाची गोष्ट होती. मी पुस्तक मिटलं.

“डोळे दुखतायत,” म्हटलं. “बटाटे जाड सोलू नकोस.”

मतदानाच्या दिवशी सकाळी आठपासून चौक भरला होता. दर तासाला फळ्यावर आकडे लावत होते. दुपारी तीनला वेनब्रुक दोन मतांनी मागे होते. मतदान चारला संपायचं. मोजके लोक उरले होते आणि रूबेन मुद्दाम थांबला होता, कारण त्याला डॉक्टरांच्या घोडीचा पट्टा आधी पुरा करायचा होता. साडेतीनला तो हात धुऊन, रविवारचा कोट घालून निघाला. मी मागोमाग.  त्याला अडवावं, ओढत घरी न्यावं, असं पावलागणिक वाटत होतं.

तो पायऱ्या चढला. वर दोन्ही उमेदवार बसले होते, मधे कारकून. वेनब्रुकसाहेबांनी त्याला बघून मान लववली. रूबेननं नाव, धंदा, घर सांगितलं. तेवढ्यात समोरच्या खानावळीच्या सज्ज्यात क्रॅडॉकचा लेखनिक उभा राहिला. सडपातळ माणूस, पण आवाज घंटेसारखा. हातात पुस्तक.

“मंडळी, मिस्टर टॅपसेल मत देण्याआधी बाईसाहेबांना विचारून आलेत का?” तो ओरडला, आणि वाचायला लागला.

त्यानं चांगला निवडून उतारा काढला होता. बाईसाहेब आल्या, छातीवरचा हात आला, दोन हॅम आले. लोक आधी पुटपुटले, मग हसले, मग सगळा चौक हसायला लागला. कुणीतरी ओटची मूठ मंचावर फेकली. वेनब्रुकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कारकुनाला काहीतरी खूण केली, पण वाचणाऱ्याला अडवायचा कायदा नव्हता.

रूबेन निश्चल उभा होता. आधी त्याला समजलं नाही. मग समजलं. ते समजताना मी पाहिलं. त्यानं साहेबांकडे नाही बघितलं. गर्दीत मान फिरवून मला शोधलं. मी खाली मान घातली, आणि त्याला माझ्याकडून हवं होतं ते सगळं उत्तर मिळालं.

“नाव, धंदा सांगितलात. मत कुणाला?” कारकुनानं विचारलं.

रूबेन अजून गर्दीकडेच बघत होता.

“मिस्टर टॅपसेल, मागे लोक खोळंबलेत.”

“जरा थांबा,” रूबेन म्हणाला, आणि सज्ज्याकडे वळला. “ए भाऊ, ते शिवण्याचं परत वाच.”

लेखनिक बावचळला. पण गर्दी ओरडली, वाच, वाच. त्यानं वाचलं, “‘...आणि जॉब बकल आपली सुई बाईसाहेबांच्या कुशीत खुपसून विचारात पडला. एवढी एकच सुई त्याची संपत्ती, आणि तेवढंच टोक त्याच्या बुद्धीलाही होतं.’”

“किती सुया?”

“एक.”

“नीट बघ.”

“एकच लिहिलीय.”

“मी दोन सुयांनी शिवतो,” रूबेन म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण तोवर चौक गप्प झाला होता. “एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. माझ्या बापानं असंच शिवलं. एका सुईनं शिवलेलं खोगीर पहिल्या उडीला उसवतं आणि स्वार खड्ड्यात. माझ्या खोगिरावरून कुणी पडलंय का इथं? हात वर करा.” कुणी केला नाही. “मग हा कोण बकल का फकल, तो मी नव्हे. ज्याचा असेल त्यानं त्याला घरी न्यावा.”

आणि कारकुनाकडे वळून म्हणाला, “वेनब्रुक.”

लोक असे ओरडले की कबुतरं उडाली. पण मी नाही ओरडले. मला त्याचे हात दिसत होते. पाठीमागे धरले होते, एकानं दुसऱ्याचं मनगट आवळून.

वेनब्रुकसाहेब तीन मतांनी निवडून आले. रूबेनच्या पाठोपाठ चार जण चढले होते, त्यांनीही त्यांचंच नाव घेतलं, आधी घेणार होते की नव्हते देव जाणे. साहेब खाली उतरले आणि गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आले.

“मिस्टर टॅपसेल,” म्हणाले. पुढचं काही सुचेना. इतकी पुस्तकं लिहिलेल्या माणसाला. “ते... खरंच तुम्ही नव्हता.”

“तेच सांगितलं ना मी,” रूबेन म्हणाला. “दोन सुया लागतात साहेब. लक्षात ठेवा.”

घरी आल्यावर त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला. मला वाटलं आता तो मला बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

“किती पानं?” त्यानं विचारलं.

“अठरा.”

“वाच.”

“रूबेन, नको.”

“वाच हेटी.”

मी वाचली. त्यानं गुडघ्यांत चिमटा धरला, दोन सुया घेतल्या आणि शिवत राहिला. एकदाही हात थांबला नाही. ओटच्या कोठारापाशी आले तेव्हा मीच थांबले. त्यानं वाट पाहिली. मी पुढे वाचलं.

“सगळ्यांना माहीत होतं?”

“काहींना.”

“त्यानं लिहिलं त्याचं मला एवढं नाही,” तो म्हणाला. “त्याचा तो धंदाच आहे. पण तू मला शब्दाशब्दानं वाचून दाखवतेस असं मी समजत होतो. आता मागची वीस वर्षं तू काय काय गाळलंस ते मला कसं कळणार?”

मी शपथ घेऊन सांगितलं की दुसरं काही गाळलं नाही. त्यानं मान हलवली. त्याला पटलं की नाही मला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा आणि कोळसा आणून माझ्यासमोर ठेवला. “अक्षरं शिकव,” म्हणाला. त्यानंतर मी त्याला कधी काही वाचून दाखवलं नाही. त्यानं दाखवू दिलं नाही.

सप्टेंबरअखेर क्रॅडॉकनं शब्द पाळला. आम्ही खानावळीच्या तबेल्यावरच्या दोन खोल्यांत गेलो. माझी पुस्तकं मी विकली, एक कादंबरी सोडून. तिचे तिन्ही खंड ठेवले. रूबेन भाड्याच्या घोड्यांचे जुने पट्टे शिवू लागला. पुढची निवडणूक आली तेव्हा मतदारयादीत त्याचं नाव नव्हतं. त्या दिवशी तो खिडकीत बसून मंचाकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. मी त्याला न सांगता साहेबांना एक पत्र लिहिलं. उत्तर आलं चिटणिसाचं, चार ओळींचं. नोंद घेतली आहे, म्हणे. तोवर साहेब मंत्री झाले होते.

अकरा वर्षांनी साहेबांच्या सगळ्या कादंबऱ्या नव्यानं छापून निघाल्या, एकेक खंडात, स्वस्तात, हिरव्या कापडाच्या बांधणीत. आमच्या पत्त्यावर एक प्रत आली. पहिल्या पानावर त्यांच्या हातची सही. प्रस्तावनेत लिहिलं होतं की माझ्या मतदारसंघातल्या एका प्रामाणिक कारागिरानं दाखवलेली चूक या आवृत्तीत मी आनंदानं दुरुस्त केली आहे.

 मी लगेच बकलचं पान शोधलं आणि सापडलं. या वेळी मी ते गादीखाली ठेवलं नाही. तेवढं मी शिकले होते. पुस्तक उघडून त्याच्यासमोर ठेवलं आणि भांडी घासायला गेले, पण पाणी ओतलं नाही, कारण मला ऐकायचं होतं.

तो बोट ठेवून वाचायचा. ओठ हलायचे. हळू, एकेक शब्द उचलून.

“‘आणि जॉब बकल,’” तो वाचत होता, “‘आपल्या दोन सुया... एका दोऱ्याच्या दोन टोकांना... एक या बाजूनं, एक त्या बाजूनं...’” थांबला. पुढची ओळ वाचली. बाईसाहेब तिथेच होत्या. हॅम तिथेच होते. ओटचं कोठार तिथेच होतं. साहेबांनी फक्त सुया बदलल्या होत्या, अगदी बरोबर, त्याच्याच शब्दांत.

“लक्षात ठेवलं हं त्यानं,” रूबेन म्हणाला.

मी दारात येऊन उभी राहिले. त्यानं पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“हेटी,” म्हणाला, “आता कुणाला सांगू, हा मी नव्हे म्हणून?”

 तो उठला, बाकावर जाऊन बसला आणि घोड्याचा जुना पट्टा चिमट्यात धरला. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवल्या आणि शिवायला लागला.